बुरशी कुणामुळे, खर्च कुणाचा?

प्रश्न : माझ्या फ्लॅटमधले भाडेकरू चार वर्षं राहून गेल्या महिन्यात गेले. भाडं नेहमी वेळेवर द्यायचे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बेडरूममधलं कपाट हलवलं तर मागची भिंत काळ्या बुरशीने भरलेली! मी म्हणतो, खिडक्या लावून घरात कपडे वाळत घातले म्हणून हे झालं. ते म्हणतात, भिंतीतून पाणी येतं. मी सगळी अनामत रोखून धरली आहे आणि मेसेजवर रोज वाद चालू आहे. खोली पूर्ण रंगवण्याचा खर्च मी कापून घेऊ शकतो ना?
– एक घरमालक

उत्तर : एवढ्यात नाही. मी इमारतींच्या दुरुस्तीची कामं पाहण्यात उमर घालवली, त्यामुळे असं पत्र आलं की मला आधी भिंत दिसते, माणसं नंतर.

तेव्हा आधी भिंत नीट बघा. रंगाचे पोपडे सुटलेत, त्यावर पांढरे क्षार फुललेत, पिवळसर-तपकिरी डाग आहे आणि तो पाऊस पडला की पसरतो, तर पाणी बाहेरून किंवा एखाद्या पाइपमधून येतंय. ते काम तुमचं. याउलट क्षार नाहीत, डाग नाही, नुसते काळे ठिपके आहेत आणि तेही कोपऱ्यात, खिडकीभोवती, कपाटामागे, तर घरातलीच दमट हवा थंड भिंतीवर साचली असावी.

खात्री हवी असेल तर भिंतीचा पृष्ठभाग कोरडा पुसून प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतच आहे, मग तुमचा दावा संपला. खोलीकडची बाजू कोरडी राहिली म्हणून मात्र भाडेकरू निर्दोष ठरत नाहीत. घर आता रिकामं आहे. आंघोळी नाहीत, स्वयंपाक नाही, दमटपणा येणार कुठून?

आता एक अवघड प्रश्न. ते कपाट कुणाचं? तुमचं असेल आणि तुम्हीच ते बाहेरच्या भिंतीला चिकटवून उभं केलं असेल, तर हवा तुम्हीच अडवलीत. बाथरूमला एक्झॉस्ट फॅन आहे का? खिडकी उघडते का, की रंगाने बसून गेली आहे? कपडे आत वाळत घालणाऱ्यांना बाहेर दोरी बांधायला जागा तरी होती का? आणि जुने मेसेज चाळा. त्यांनी ओलीबद्दल कधी कळवलं होतं आणि तुम्ही ‘बघतो’ म्हणून सोडून दिलं होतं का? कळवलंच नसेल तर थोडी जबाबदारी त्यांच्याकडे जाते.

समजा, चूक त्यांची निघाली. तरी पूर्ण खोली नाही, फक्त ती भिंत. आणि तिचाही पूर्ण खर्च नाही, कारण रंग तसाही जुना होतोच. तो सहा वर्षं टिकतो असं धरलं आणि ते आले तेव्हा तो ताजा होता, तर चार वर्षांची झीज राहण्याच्या ओघात झाली. उरला एक तृतीयांश. खोली त्यांच्या हवाली करतानाचे फोटो नसतील तर एवढंही मागणं कठीण जाईल.

अनामत त्यांचीच आहे, तुमच्याकडे फक्त ठेवायला दिलेली. ती परत करण्याची मुदत करारात आणि तुमच्याकडच्या कायद्यात काय आहे ते आजच वाचा. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती लगेच देऊन टाका. कापाल त्याचं रंगाऱ्याचं बिल जोडा. आणि मेसेज थांबवा हो. त्यांना फ्लॅटवर बोलवा, दोघं त्या भिंतीसमोर उभे राहा, जे ठरेल ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. तरीही जमलं नाही, तर दोघांना चालेल असा तिसरा जाणकार भिंत दाखवायला आणा.

रंगाऱ्याला मात्र कारण सापडेपर्यंत बोलवू नका. ओलीवर मारलेला रंग टिकत नाही. पुढच्या वेळी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.