सगळी मतं एकालाच!

प्रश्न : माझे आजोबा परळच्या एका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. १९३७ च्या निवडणुकीचा विषय निघाला की ते हमखास सांगत, "माझ्या वाटची सगळीच्या सगळी मतं मी बाबासाहेबांना दिली." घरातले हसायचे. माणसाला मत एक, मग 'सगळी' कुठून आली? शिवाय ते म्हणत तो 'भायखळा-परळ' मतदारसंघ मला आजच्या कुठल्याच यादीत दिसत नाही. आजोबा थाप मारत होते का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आजोबांची माफी मागून टाका. ते अक्षरशः खरं बोलत होते.

मी महापालिकेच्या शाळेत मास्तर होतो. त्यामुळे इलेक्शन ड्युटी कधी चुकली नाही. बोटाला शाई लावता लावता जुन्या निवडणुका कशा व्हायच्या, याचं वेड लागलं. तुमच्या आजोबांचा मतदारसंघ माझ्या खास आवडीचा आहे.

१९३५ च्या कायद्यानं मुंबई प्रांताला १७५ जागांची विधानसभा मिळाली. तिच्यातल्या जागांची वाटणी आज वाचली तर गंमत वाटते. मुसलमानांसाठी २९, व्यापार-उद्योगाच्या ७, कामगारांच्या ७, स्त्रियांच्या ६, जमीनदारांच्या २ आणि विद्यापीठाची चक्क १. उरलेल्यांतल्या ११४ 'सर्वसाधारण' होत्या. त्यांतल्याच १५ अस्पृश्य वर्गासाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखीव. होय, मराठ्यांसाठी राखीव जागा तेव्हा होत्या. हल्ली हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात.

'मुंबई शहर (भायखळा आणि परळ)' हा या सर्वसाधारण मतदारसंघांपैकी एक. महापालिकेचे ई आणि एफ वॉर्ड म्हणजे गिरणगावाचा मोठा भाग. यात एकाहून जास्त आमदार निवडायचे आणि त्यांतली एक जागा राखीव. मतदार मात्र सगळे एकत्र. सगळे म्हणजे ज्यांना हक्क होता ते. घरभाडं, कर किंवा शिक्षण यांच्या अटीत बसणारेच. अस्पृश्य वर्गासाठी अटी जरा सैल होत्या, तरी बदली कामगार आणि खोलीत पथारी टाकून राहणारे बहुतेक बाहेरच राहिले. आजोबांना मत होतं, यावरूनच त्यांचं बरं चाललं होतं असं समजा.

आता मुद्द्याचं. जेवढ्या जागा तेवढी मतं प्रत्येक मतदाराला मिळत, आणि ती कशी वाटायची ते त्याच्यावर होतं. दोघातिघांना एकेक द्या, नाहीतर सगळी एकाच्या पारड्यात टाका. मुंबई प्रांतात १९३७ साली हे कायदेशीर होतं. याला एकत्रित मतदान म्हणतात. कारण उघड आहे. ज्यांची संख्या थोडी, त्यांनी आपली मतं एकाच माणसावर गोळा केली तर तो टिकतो. बहुसंख्यांची मतं त्यांच्या तीनचार उमेदवारांत विखुरतात. आंबेडकरांना ही पद्धत मनापासून पटलेली होती. पुढे १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहितानाही त्यांनी दोन-तीन जागांचे मतदारसंघ आणि एकत्रित मतदान हाच उपाय सुचवला.

फेब्रुवारी १९३७ मध्ये मतदान झालं. आंबेडकरांनी आदल्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. ते स्वतः तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत नव्हते. १९३४ मध्ये ते दादरला 'राजगृहा'त गेले होते. पण वीसेक वर्षं त्या चाळीत काढलेला माणूस परळला परका कसा वाटेल?

काँग्रेसनं त्यांच्यासमोर कुणाला उभं केलं असेल? पळवणकर बाळू. क्रिकेटवाल्यांना हे नाव सांगावं लागत नाही. डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ मध्ये हिंदी संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला, तेव्हा त्या दौऱ्यात त्यानं ११४ बळी घेतले. तरुणपणी पुण्याच्या जिमखान्यावर इंग्रज साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायचा. आणि हिंदूंच्या संघात आल्यावर चहाच्या सुट्टीत याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या कपात. चर्मकार समाजातला हा माणूस अस्पृश्य मुलांचा पहिला मोठा नायक होता. तेव्हा काँग्रेसनं कुणी प्यादं पुढे केलं, असं मला तरी म्हणवत नाही.

एक गोष्ट मात्र मला फार बोचते. सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर आंबेडकरांची सही आहे, तशी बाळूचीही आहे. ज्या करारानं ती राखीव जागा जन्माला घातली, त्यावर सह्या करणारे हे दोघे साडेचार वर्षांनी त्याच जागेसाठी एकमेकांसमोर उभे होते. त्याच करारात आणखी एक पायरी होती. राखीव जागेसाठी चाराहून जास्त इच्छुक असतील, तर आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार जण निवडायचे. मग त्या चौघांतून सगळ्यांनी मिळून एक.

निकाल : आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. फरक २,०२० चा. पण इथे सावध राहा. १३,२४५ मतं म्हणजे १३,२४५ माणसं नव्हेत. तुमच्या आजोबांसारख्या एकेकाची मतं यात दोनदोनदा किंवा जास्तही मोजली गेली असणार. त्यामुळे आजच्या आकड्यांशी तुलना करणारा लेख दिसला की मी पान उलटतो.

भायखळा-परळच्या या आमदारानं सभागृहात केलेलं सगळ्यात गाजलेलं काम परळचं नव्हतंच, कोकणचं होतं. सप्टेंबर १९३७ मध्ये पुण्याच्या अधिवेशनात त्यांनी खोती, म्हणजे कोकणातल्या खोतांची सारावसुलीची वतनदारी, रद्द करण्याचं विधेयक मांडलं. गिरणगावाला ते परकं वाटलं नाही, कारण साच्यावर उभा असलेला माणूस रत्नागिरीतल्या खोताला मक्ता (जमिनीचा खंड) पाठवत होता. पक्षाचे चित्रे, टिपणीस, परुळेकर कोकणातूनच निवडून आले होते. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मोर्चानं कौन्सिल हॉलवर गेले. (रिगलसमोरची ती इमारत. पूर्वी खलाशांचं वसतिगृह, आता राज्य पोलिसांचं मुख्यालय.) खोती कायद्यानं गेली ती १९४९ मध्ये, तेव्हा हा मतदारसंघही जायच्या बेतात होता.

७ नोव्हेंबर १९३८ चा संप मात्र खास परळचा. संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्ट कामगार पुढारी कॉम्रेड डांगे एका बाजूला उभे राहिले. डांग्यांचं नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

१९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. पुढची निवडणूक एकदम १९४६ ला. स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला, नवे मतदारसंघ पाडले आणि भायखळा-परळ हे जोडनाव संपलं. भायखळा आजही आहे. परळ स्वतंत्र मतदारसंघ म्हणून बरीच वर्षं टिकला. तिथले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या खुनानंतर १९७० च्या ऑक्टोबरात तिथे पोटनिवडणूक झाली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या चाळीच्या जिन्यात संध्याकाळी कुणी मोठ्यानं बोलत नसे. वामनराव महाडिक १,६७९ मतांनी आले, शिवसेनेचे पहिले आमदार. २००८ च्या फेररचनेत 'परळ'ही यादीतून गेलं. आता तो भाग शिवडी वगैरेंत विभागलाय. म्हणून तुम्हाला सापडत नाही.

नावं बदलतात त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पद्धत बदलली ते मोठं. १९५२ च्या लोकसभेला उत्तर मुंबईत दोन जागा होत्या, एक राखीव. प्रत्येकाला दोन मतपत्रिका, पण अट अशी की दोन्ही एकालाच द्यायच्या नाहीत. दिल्या तर एक धरायची, दुसरी बाद. माझी आई तेव्हा नायगावात राहायची. ती सांगायची, हातात दोन कागद आणि समोर चिन्हं चिकटवलेल्या पेट्यांची रांग, बायका "दुसरा कुठं टाकू गं?" असं एकमेकींना विचारत होत्या. आंबेडकर काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनी हरले. नंतर आंबेडकरांनी आणि समाजवादी अशोक मेहतांनी निकालाविरुद्ध निवडणूक अर्ज केला. त्यात आरोप असा की डांग्यांच्या बाजूनं लोकांना दोन्ही मतं एकालाच टाकायला सांगून मतं वाया घालवली. बाद मतांचा आकडा चौऱ्याहत्तर हजारांवर होता. अर्ज फेटाळला गेला. १९६१ मध्ये दोन जागांचे मतदारसंघच रद्द झाले.

आता एक काम तुमच्याकडे. १९५२ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाची समाजवाद्यांशी युती होती. म्हणजे एक मत त्यांना आणि दुसरं अशोक मेहतांना, असा प्रचार होता. आजोबांनी तो ऐकला, की जुन्या सवयीनं दोन्ही कागद बाबासाहेबांच्याच पेटीत टाकले? घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर विचारा, आणि उत्तर मिळालं तर मला कळवा.