मोठ्या दिरांच्या टाइमशेअरवर सासरची आठ माणसं आठवडाभर डोंगरात राहायला चाललो आहोत. दोन बेडरूममध्ये कसं जमवावं? आणि आम्हीही सदस्यत्व घ्यावं का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय, ‘सदस्यत्व दिरांचं असल्यामुळे राहण्याचा खर्च शून्य’. ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. शून्य वगैरे काही नसतं. टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधलं घर दरवर्षी ठरावीक दिवस वापरायचा हक्क आधीच विकत घेणं. पैसे आधीच भरलेले असतात, मेंटेनन्सच्या नावाखाली दरवर्षी आणखी भरले जातात, आणि ज्यांनी भरलेले नसतात त्यांच्याकडून ते दुसऱ्या मार्गाने वसूल होतात. तुम्ही धाकटी सून असाल तर कुठल्या मार्गाने, हे मी सांगायला नको.

आठ माणसं मावतील का, ते आधी सांगून टाकते. मावतील, पण युनिटची, म्हणजे रिसॉर्टमधल्या त्या घराची, क्षमता किती लिहिली आहे ते बघा. दोन बेडरूमवर ‘सहा’ लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा त्यातली चारच माणसं दाराआड झोपतात, उरलेली दोन हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर. एक्स्चेंज कंपन्या, म्हणजे आपल्या आठवड्याच्या बदल्यात दुसऱ्या रिसॉर्टवरचा आठवडा मिळवून देणाऱ्या, हे दोन्ही आकडे वेगवेगळे देतात: एकूण किती जण झोपू शकतात आणि त्यातले दार लावून किती. तुमच्या बुकिंगच्या कागदावर दुसरा आकडा शोधा. क्षमतेपेक्षा जास्त माणसं असतील तर आधी फोन करून विचारा. पोहोचल्यावर रिसेप्शनवर जादा गादीवरून हुज्जत घालण्यात पहिली संध्याकाळ जाते.

आता सोफा-कम-बेड. आमच्या घरात ही वस्तू माझ्या नावावर केलेली आहे. एक बेडरूम भाऊजी आणि जाऊबाईंची, कारण सदस्यत्व त्यांचं. दुसरी सासूबाई-सासऱ्यांची, आणि त्याबद्दल माझी कणभरही तक्रार नाही, आईंचे गुडघे दुखतात. मुलं जागा मिळेल तिथे गाद्या टाकून. उरलो आम्ही दोघं. तो सोफा उघडला की बरोबर कमरेखाली एक लोखंडी आडवी दांडी येते आणि नेमकी तिथेच गादी पातळ असते. टीव्ही त्याच हॉलमध्ये, त्यामुळे आमची रात्र भाऊजींचं बघून संपलं की सुरू होते. बाबा पहाटे उठतात आणि त्यांना डोंगर बघायचा असतो. बाल्कनीचं दार आमच्या पायथ्याशी. शिवाय सोफा मिटल्याशिवाय जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या ओढता येत नाहीत. म्हणजे सुट्टीवर आलेल्या घरात सगळ्यांत शेवटी झोपायचं मी आणि सगळ्यांत आधी उठायचंही मीच.

‘युनिटमध्ये स्वयंपाकघर असतं, बाहेर खायचा खर्च वाचतो’ हे विकणाऱ्याचं हुकमी पान. वाचतो ना! पण कोणाच्या जिवावर, ते तो सांगत नाही. आपण घरी जे करतो तेच इथे अनोळखी गॅसवर, बोथट सुरीने आणि उंचावर करायचं. समुद्रसपाटीपासून साधारण दर ३०० मीटरला पाणी एक अंश आधीच उकळायला लागतं. २,००० मीटरवर ते ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि मग आच कितीही वाढवा, उघड्या भांड्यातलं पाणी त्याहून तापत नाही. शिजायला वेळ लागतो. हे मी भाऊजींना एकदा नीट समजावून सांगितलं होतं. ते ऐकून म्हणाले, ‘ठीक आहे, पण अजून किती वेळ?’ युनिटमध्ये प्रेशर कुकर असेलच असं नाही. स्वतःचा न्या. हा या उत्तरातला सगळ्यात उपयोगाचा सल्ला आहे असं समजा.

पण माझं डोकं फिरलं ते चेक-आउटच्या दिवशी. दहाला खोली सोडायची होती. अशा ठिकाणी भांड्याकुंड्यांची एक छापील यादी असते. निघताना रिसॉर्टचा मुलगा ती घेऊन येतो आणि पेले, ताटल्या, चमचे मोजतो. यादीवर सही भाऊजींची, मोजून द्यायचं काम माझं. एक चमचा कमी निघाला. त्या मुलाला काही वाटलं नव्हतं, तो पुढच्या ओळीवर गेलाही होता. पण भाऊजी बूट घालता घालता म्हणाले, ‘एवढं फुकट राहायला मिळतं, निदान सामान तरी सांभाळावं माणसाने.’

मी काही बोलले नाही. सोफा ओढला, उघडला, दांडी आणि गादीच्या मधल्या फटीत हात घातला आणि चमचा काढून टेबलावर ठेवला. ती फट त्या घरात माझ्याइतकी कोणाला माहीत असणार! मुलांपैकी कोणीतरी टीव्हीसमोर खाताना पाडला असणार, दुसरं काय. भाऊजी ‘बरं बरं’ म्हणाले आणि बॅगा उचलायला गेले.

परतीच्या घाटात, मागच्या सीटवर, मी मोबाइलवर हिशेब मांडला. सदस्यत्वाला एकरकमी भरलेले पैसे भागिले कराराची वर्षं. त्यात दरवर्षीचा मेंटेनन्स. तो गेलात तरी भरायचा, नाही गेलात तरी भरायचा, आणि दर काही वर्षांनी वाढतो. दुसऱ्या रिसॉर्टवर जायचं म्हणून भरलेली एक्स्चेंज फी. आणि ती मोठी रक्कम नुसती बँकेत ठेवली असती तर आलं असतं ते व्याज. हे चौथं कलम विकणारा कधीच मांडत नाही. बेरजेला रात्रींनी भागलं. मग त्याच डोंगरावर, त्याच आठवड्यात, तेवढ्याच दोन बेडरूम भाड्याने कितीला मिळतात ते शोधलं. भाड्याच्या स्वस्त निघाल्या. मी आकडे मोठ्याने वाचून दाखवले. आई म्हणाल्या, ‘अगं, वळणावर मोबाइल बघू नकोस, मळमळेल.’ भाऊजी म्हणाले, ‘आठवणींचा हिशेब करायचा नसतो.’ माझे यजमान खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांचं मी घरी आल्यावर बघितलं.

भाऊजींचा दुसरा लाडका मुद्दा असा, की ही कल्पना मुळात डोंगरातच जन्मली, पहाडी रिसॉर्टवाल्यांनी ती नीट विचार करून काढली, म्हणजे चांगलीच असणार. जन्मली खरी. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली ‘हापिमाग’ ही कंपनी निघाली. त्यानंतर काही वर्षांतच, त्याच दशकात, फ्रेंच आल्प्समधल्या सुपरदेवोल्युई या स्कीइंगच्या ठिकाणी आठवड्याच्या हिशेबाने हक्क विकले गेले. खोली कशाला भाड्याने घेता, हॉटेलच घ्या, स्वस्त पडेल, असा त्यांच्या जाहिरातीचा सूर होता. पण विचार कोणाच्या सोयीचा झाला ते बघा ना. बर्फाचा हंगाम वर्षातून काही महिन्यांचा. पैसे एकदम हातात येतात आणि रिकाम्या महिन्यांची काळजी गिऱ्हाइकांमध्ये वाटली जाते. एका इमारतीचे बावन्न तुकडे करून विकायचे, त्यातले काही आठवडे बर्फाचे आणि काही चिखलाचे. ज्याच्या वाट्याला चिखल आला त्यानेही मेंटेनन्स भरायचाच.

इथेच आमची खरी मेख आहे. आर.सी.आय. ही मोठी एक्स्चेंज कंपनी, १९७४ पासूनची. तिच्या पद्धतीत मागणीप्रमाणे आठवड्यांना रंग आहेत. लाल म्हणजे गर्दीचा हंगाम, पांढरा मधला, निळा पडत्या मागणीचा. सेल्सच्या सादरीकरणात फोटो लाल आठवड्यातले दाखवतात. भाऊजींनी घेतला पांढरा. त्यामुळे शाळांना सुट्टी असते तेव्हा बुकिंग मिळत नाही आणि बुकिंग मिळतं तेव्हा मुलांच्या चाचण्या असतात. ठरलेल्या क्रमांकाचा आठवडा असला तरी घोळ मिटत नाही: पाच-सहा वर्षांनी एकदा कॅलेंडरात त्रेपन्नावा आठवडा येतो आणि तुमचा आठवडा सरकतो. पॉइंट्सवाली योजना असेल, म्हणजे आठवड्याऐवजी पॉइंट्स मिळतात आणि ते खर्चून रात्री बुक करायच्या, तर ‘कधीही जा’ म्हणतात खरं, पण सुट्टीतल्या रात्रीला जास्त पॉइंट्स कापले जातात आणि जागा महिनोन् महिने आधी भरलेल्या असतात.

तर तुम्ही सदस्यत्व घ्यावं का? नाही. निदान त्या सादरीकरणाच्या दिवशी तरी अजिबात नाही. ‘ही ऑफर आजपुरतीच’ म्हणाले की पाणी पिऊन उठा. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार सही केल्यापासून १४ दिवसांत कारण न देता करार मागे घेता येतो, आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घ्यायलाच मनाई आहे. तुमच्याकडे असा नियम आहे का, हे सहीच्या आधी बघा. करार किती वर्षांचा आणि आपल्या मागे तो मुलांच्या गळ्यात पडतो का, हेही विचारा. स्पेनने १९९८ च्या कायद्यात ५० वर्षांची कमाल मर्यादा घातली, त्याआधी कायमचे करार सर्रास होत. नातवंडांनी मेंटेनन्स भरत बसायचं, हा कसला वारसा!

यंदाच्या राहण्याबद्दल सांगायचं तर निघण्याआधीच दिरांना विचारा, या वर्षीचा मेंटेनन्स किती. त्यातला तुमचा वाटा पुढे करा. नको म्हणाले तरी सगळ्यांसमोर करा, कारण पैसे दिलेल्या माणसाला कोणती खोली हवी ते विचारावं लागतं. मग बेडरूम अर्ध्या आठवड्याने बदला, आई-बाबांची सोडून. संध्याकाळचा स्वयंपाक बाहेरून मागवा किंवा पाळी लावा, आणि त्या पाळीत पुरुषांची नावं लिहा. आमच्याकडे मी हे सुचवलं तेव्हा भाऊजी म्हणाले, ‘घरच्या माणसांत हिशेब करायचा नसतो.’ चमच्यांचा चालतो.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर जाऊबाई म्हणतील एकतर्फी लिहिलं. दरवर्षी ठरलेल्या वेळी सुट्टी मिळणारं, सहा-आठ माणसांचं, त्याच त्या जागी आनंदाने जाणारं कुटुंब असेल आणि लाल आठवडा हातात असेल, तर गणित जमू शकतं. अशी माणसं माझ्या ओळखीत आहेत आणि ती खूश आहेत. मुलांना तिथे मजा येते हेही खरं, चुलत भावंडं एकत्र झोपतात, त्यांना कुठली दांडी टोचत नाही. रिसॉर्ट २,५०० मीटरच्या वर असेल आणि बरोबर वयस्क माणसं असतील तर एखादी रात्र खाली थांबून मग वर जा, आणि आधी डॉक्टरांना विचारा.

एवढं वाचूनही घ्यायचंच असेल तर नवं घेऊ नका. बाहेर पडू पाहणारे जुने सदस्य भरपूर आहेत आणि ते मूळ किमतीच्या अगदी थोड्या भागात द्यायला तयार असतात. मात्र हस्तांतराची फी किती, मागचा मेंटेनन्स थकलेला आहे का, आणि दुसऱ्या हाताने घेतल्यावर एक्स्चेंजचा हक्क राहतो की नाही, हे कंपनीकडून लेखी घ्या. विकणाऱ्या सदस्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, मग तो सख्खा दीर का असेना. आमचे सध्या गिऱ्हाईक शोधतायत.