न भरणारी जखम आणि चरबीतील पेशी

प्रश्न : माझे वडील करवीर तालुक्यातील गुऱ्हाळावर गुळव्या होते, काहिलीशेजारी उभे राहण्यातच त्यांची उमेदीची वर्षे गेली. डाव्या घोट्याच्या आतील बाजूची जखम दोन वर्षे भरत नाही आणि भोवतालची कातडी काळवंडली आहे. पोटाची चरबी काढून तिच्यातील पेशी जखमेभोवती टोचून घ्याव्यात का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही जखम शिरांच्या विकाराची वाटते. शिरांतील झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, घोट्याजवळ दाब वाढतो आणि कातडीचे पोषण बिघडते. चरबीतील पेशी, ज्यांत मूलपेशीही (इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशी) असतात, नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारी द्रव्ये स्रवतात, म्हणून त्यांच्याविषयी आशा वाटणे रास्तच आहे. परंतु आजवरचे अभ्यास लहान आहेत, आणि त्या पेशी बिघडलेली झडप दुरुस्त करीत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचे असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाहीत. तेव्हा त्यापायी कृपया शेत गहाण टाकू नका.

आधी डॉपलर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी) करून घ्यावी. धमन्यांतील रक्तप्रवाह पुरेसा असल्याची खात्री झाल्यावरच, घोट्याशी पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटर इतका दाब देणारी बहुपदरी पट्टी बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, प्रशिक्षित हातांकडून बांधून घ्यावी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत, पट्टीच्या जोडीने सदोष शीर लवकर बंद केलेल्या रुग्णांच्या जखमा अधिक वेगाने भरल्या. जखम इतकी जुनी असल्याने तिच्या कडेचा तुकडा कर्करोगासाठी तपासावा, असा माझा आग्रह आहे.