खिडकीची वेळ आधी ठरवा

प्रश्न : आमच्या जिल्हा रुग्णालयात गर्द आणि सुईने नशा करणाऱ्यांसाठी बुप्रेनॉर्फिन हे अफूजन्य नशेच्या व्यसनावरचे औषध देणारे केंद्र सुरू झाले आहे. मी तेथे अर्धवेळ डॉक्टर आहे. सोबत एक परिचारिका, एक समुपदेशक आणि नोंदी ठेवणारा एक कर्मचारी आहे. रुग्ण नावनोंदणी करतात, पण बरेच जण पहिल्याच महिन्यात यायचे थांबतात. कामाची वाटणी कशी करावी? समुपदेशनाला न बसणाऱ्याचा डोस थांबवावा का?
— एक वैद्यकीय अधिकारी, विदर्भ

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. डोस थांबवू नये. बुप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आहेत आणि या आजारात तीच उपचाराचा कणा आहेत. समुपदेशनाने उपचाराला बळ मिळते, पण त्याची सक्ती केली की रुग्ण केंद्राकडे फिरकेनासा होतो. औषध सुटल्यावर शरीराची सवयही उतरलेली असते, त्यामुळे पूर्वी पचवलेल्या मात्रेचीच सुई त्याच्या जिवावर बेतू शकते.

गळतीचे कारण शोधताना मी सर्वप्रथम तुमच्या औषध देण्याच्या खिडकीची वेळ पाहीन. औषध रोज घ्यायचे असते, आणि तुमचे अनेक रुग्ण रोजंदारीवर जगतात. सकाळी आठला मजूर अड्ड्यावर उभा राहणारा माणूस दहाला उघडणाऱ्या ओपीडीसाठी दिवसाचा रोजगार बुडवणार नाही, आणि बुडवलाच तर आठवडाभराच्या वर निभावणार नाही. एक छोटी वेळ पहाटे आणि एक दुपारनंतर, अशी सोय करा. रविवारी व सणासुदीलाही खिडकी उघडी हवी. त्यासाठी वॉर्डातील आणखी एका परिचारिकेला आताच शिकवून ठेवा, कारण एकाच सिस्टरच्या रजेवर अवलंबून असलेले केंद्र पहिल्या दिवाळीलाच बंद पडते.

परिचारिकेचे काम बाहेरून गोळी देण्याइतके सोपे दिसते, पण तसे ते नाही. रुग्णाची ओळख पटवायची, कार्डावरची मात्रा वाचायची, गोळ्यांचा भरड चुरा करून जिभेखाली ठेवायला द्यायचा, विरघळेपर्यंत पाच ते दहा मिनिटे त्याला न बोलता, न गिळता नजरेसमोर बसवायचे, तोंड तपासायचे आणि मगच सही घ्यायची. यात घाई झाली की औषध बाहेर विकले जाते आणि केंद्राची बदनामी होते. म्हणून खिडकीच्या वेळेत तिच्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नका. पेंगत आलेल्या रुग्णाचा डोस रोखून डॉक्टरांना बोलावण्याचा अधिकार तिला लेखी द्या. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर बुप्रेनॉर्फिन पडले तर श्वास मंदावतो. साठा दुहेरी कुलपात ठेवावा, रोज मोजावा आणि त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात.

तुमचा अर्धवेळ मुख्यतः नव्या रुग्णांच्या पहिल्या काही दिवसांसाठी राखा. जांभया, वाहते नाक, अंगावर काटा, विस्फारलेल्या बाहुल्या अशी नशा उतरल्याची लक्षणे दिसू लागल्यावरच पहिला डोस द्यावा. अंगात नशा असताना तो दिला तर त्रास एकदम उसळतो, आणि तो रुग्ण पुन्हा तुमच्या दारात येत नाही. सुरुवात साधारणतः २ ते ४ मिलिग्रॅमने होते, पण तेथेच अडकू नये. अनेकांना ८ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक लागते, आणि मात्रा वाढवायला कचरणारे डॉक्टर हे गळतीचे एक मोठे कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

समुपदेशकाला खोलीत बसवून ठेवू नका. खिडकी बंद झाली की नोंदी ठेवणाऱ्याने त्या दिवशी न आलेल्यांची यादी त्याच्या हाती द्यावी आणि फोन त्याच संध्याकाळी जावा. फोन लागला नाही तर वस्तीत फिरणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्याला निरोप द्यावा. नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) रचनेत रुग्णालयातील केंद्र अशा संस्थेशी जोडलेले असते. ती जोडणी कागदावर राहू देऊ नका. सलग पाच दिवसांहून अधिक खंड पडला असेल तर रुग्णाला पुन्हा तपासून कमी मात्रेपासून सुरुवात करावी आणि खंड का पडला याची विचारणा न रागावता करावी.

एचआयव्ही, क्षयरोग आणि हिपॅटायटिस सी यांच्या तपासण्यांसाठी नुसती चिठ्ठी लिहून देणे पुरत नाही, पहिल्या खेपेला कोणीतरी सोबत जावे. हिपॅटायटिस सीचा उपचार २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहे, पण हे अनेक रुग्णांना कोणी सांगितलेलेच नसते.

स्थिरावलेल्या रुग्णांना काही दिवसांचे औषध घरी देण्याची मुभा २०२० च्या टाळेबंदीत मिळाली होती. सध्याच्या अटी राज्य एड्स नियंत्रण संस्थेकडून लेखी मागवून घ्या. दूरच्या तालुक्यातून एसटीने येणाऱ्यांचा विचार त्यात सर्वप्रथम व्हावा.