कोल्हापुरात वळीव झाला की ट्यूबलाइटखाली मोठ्या मुंग्या पडतात, त्यातली राणी कशी ओळखायची?

आकारावर जाऊ नका, पाठ बघा: डोक्यामागची छाती फुगीर आणि पोट भरदार असेल तर ती राणी. मोठ्या डोक्याचा मुंगळा राणीएवढा वाटतो, पण तो कामकरी. उडायचे स्नायूच नसल्यामुळे त्याची छाती चिंचोळी राहते. राणी मीलनानंतर पंख स्वतःच पाडते, मग छातीच्या बाजूंना बारीक खुणा उरतात. मोबाईलवर झूम करून फोटो काढला की त्या दिसतात. पंखवाल्यांत नर सडपातळ, लहान डोक्याचे. मात्र कंबर नाही, चारही पंख सारखेच लांब आणि मिशा सरळ असतील तर ती मुंगी नव्हे, वाळवी. असले किडे दाराच्या चौकटीतून निघत असतील तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवाच.