रीमॅप केलेल्या पोलो जीटीचे ब्रेक 40 हजारांच्या आत कसे सुधारावेत?

आपल्याकडे 2015 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, स्टेज 1 रीमॅप (इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणे) नुकताच झाला आहे, आता ब्रेक कमी पडतात असे वाटते, आणि 40 हजार रुपयांत मोठ्या डिस्क घ्याव्यात, भोके पाडलेल्या डिस्क घ्याव्यात की मागच्या चाकांनाही डिस्क बसवाव्यात, असे आपण विचारले आहे. या संपूर्ण प्रश्नात टायर आणि ब्रेक ऑईल हे दोन शब्द कुठेही आलेले नाहीत, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो. 2018 च्या मे महिन्यापर्यंत ते माझ्याही तोंडी नव्हते.

माझी गाडी हीच, 2014 साली घेतलेली. रीमॅप 2017 मध्ये केला. पंचवीसएक अश्वशक्ती वाढली आणि सातारा रस्त्यावर ओव्हरटेक करताना गाडी जी झेप घेऊ लागली तिच्या आनंदात वर्ष निघून गेले. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही महाबळेश्वरहून परतत होतो. शेजारी माझा मेहुणा बसला होता, मागे बायको आणि मुलगी होत्या, डिकीत सरबताच्या बाटल्यांचे दोन खोके होते. पाचगणी सोडून पसरणी घाटाला लागलो तेव्हा पुढे एक डंपर होता. तो मागे पडताच मी मोकळ्या टप्प्यांवर गाडी सोडायची आणि वळण आले की जोरात ब्रेक दाबायचा, असे सुरू केले. गाडी ऑटोमॅटिक आणि गिअर ‘डी’मध्येच (ड्राइव्ह) होता, त्यामुळे गिअरबॉक्स वरचा गिअर धरून बसला होता आणि इंजिनाचा अटकाव जवळजवळ शून्य होता. निम्मा घाट उतरल्यावर, धोम धरणाचे पाणी खाली स्वच्छ दिसत असताना, एका डाव्या वळणाआधी मी पेडल दाबले आणि ते खाली गेले. अडले नाही, कडक झाले नाही, नुसते खाली गेले. दुसऱ्यांदा दाबले तेव्हा अर्ध्यावर काहीतरी लागले, तिसऱ्यांदा थोडी पकड आली, तोवर मी लिव्हर मॅन्युअलकडे ओढून दोन गिअर खाली आणले होते. वळण निघाले. पुढच्या रुंद जागेत हँडब्रेक ओढून गाडी उभी केली तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांतून करपट वास येत होता आणि रिम टकटक वाजत होत्या. कणसे भाजणारा एक माणूस पाण्याची बादली घेऊन धावत आला; तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडले तर डिस्क वाकडी होईल किंवा तडकेल, म्हणून त्याला हात जोडून थांबवावे लागले. पाऊण तासाने पेडल आपोआप जागेवर आले, जणू काही घडलेच नव्हते.

त्या पाऊण तासात मेहुण्याने जे वाक्य उच्चारले ते आमच्या घरात आजतागायत प्रत्येक समारंभात ऐकवले जाते: “दाजी, स्वस्तात गाडी पळवता येते, थांबवता येत नाही.” त्याचे म्हणणे असे की, चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारे चिमटे) आणि मोठ्या डिस्क यांचा पूर्ण संच बसवल्याशिवाय रीमॅप करणे हा गुन्हा आहे. त्याने पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीला तसा संच खरोखर बसवला. गाडी त्याचीही हीच, 2014 चीच. खर्च लाखाच्या वर गेला. कॅलिपर लाल आहेत.

आता मूळ मुद्दा. उष्णतेने ब्रेक निकामी होण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि कोणता प्रकार झाला हे पाय सांगतो. पेडल कडक राहते पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅडचे घर्षण उष्णतेने कमी झालेले असते. पेडल खाली जाते, तेव्हा ब्रेक ऑईल उकळून त्याची वाफ झालेली असते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर वाफ दाबण्यातच संपतो. पहिल्या प्रकारावर पॅड हा इलाज आहे, दुसऱ्यावर ताजे ऑईल. माझा प्रकार दुसरा होता, आणि दुसऱ्या प्रकारावर लाखाचा कॅलिपर बसवून त्यात तेच चार वर्षांचे ऑईल ठेवले तर तेही एक दिवस उकळेलच.

ऑईल म्हणतो ते सवयीने. हे खरे तर तेल नव्हे, ग्लायकॉलवर आधारित द्रव आहे आणि तो हवेतली आर्द्रता शोषतो. डॉट 4 दर्जाच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, परंतु त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की तोच किमान 155 वर येतो. डॉट 5.1 साठी हे आकडे 260 आणि 180 आहेत. दर दोन वर्षांनी ते बदलायचे असते. माझ्या गाडीचे चार वर्षे कोणीही बदलले नव्हते, आणि सर्व्हिसच्या कागदावर दर वेळी त्या रकान्यात बरोबरची खूण पाहून मीही कधी विचारले नव्हते. मेकॅनिकने पुढच्या कॅलिपरचे निपल सैल करून नळीतून पहिले ऑईल बाटलीत घेतले तेव्हा त्याचा रंग कोऱ्या चहासारखा होता. शिवाय डाव्या कॅलिपरची एक स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) गंजून अडकली होती, त्यामुळे आतला पॅड 3 मि.मी. उरला होता आणि बाहेरचा 7 मि.मी. याचा अर्थ, त्या बाजूचा सगळा भार एकच पॅड वर्षभर वाहत होता. मेहुण्याला मी ते दोन्ही पॅड घरी नेऊन दाखवले. त्याने ते हातात घेतले, शेजारी शेजारी धरून पाहिले आणि “तरीपण” असे म्हणून खाली ठेवले.

घाटाचे गणित एकदा मांडून पाहावे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे 1290 मीटरवर. ही 590 मीटरची उंची उतरताना गाडी जी ऊर्जा सोडते ती ताशी 100 कि.मी. वेगावरून पंधरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. वजन दोन्हीकडे सारखेच येत असल्याने ते या हिशेबातून गळते, म्हणजे डिकीतल्या सरबताला दोष देता येत नाही. यातला काही भाग हवा आणि टायर खातात, इंजिनाला खाऊ दिला तर बराच भाग इंजिन खाते, आणि उरलेले सर्व डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. पाच-साडेपाच किलोची डिस्क धरली तर 100 वरून एकदा थांबताना पुढची प्रत्येक डिस्क साठ-सत्तर अंशांनी तापते. मध्ये निवायला वेळ न देता हे सहा-सात वेळा केले की पॅडमागचे ऑईल कुठे पोहोचते ते सांगायला नको. रीमॅपचा दोष एवढाच की वळणाशी आपण आधीपेक्षा अधिक वेगात पोहोचतो, आणि 100 ऐवजी 120 वेग असेल तर ऊर्जा 44 टक्क्यांनी वाढते. गाडी ज्या गिअरमध्ये घाट चढते त्याच गिअरमध्ये उतरवावी, हे ट्रकचालक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्याला एक रुपयाही लागत नाही.

मी जे केले ते 2018 च्या दराने असे: पूर्ण सिस्टीममधील ऑईल बदलून ब्लीडिंग (नळ्यांतली हवा काढणे) 1,800 रुपये, पुढचे चांगल्या प्रतीचे पॅड 5,200, कंपनीच्याच आकाराच्या साध्या डिस्क 8,600, मागचे ड्रम उघडून सफाई व नवे लायनर 3,400, पिना, त्यांचे रबर आणि मजुरी 2,500, आणि 195 मि.मी. रुंदीचे चार नवे टायर 24,000. बेरीज आपल्या 40 हजारांच्या पुढे जाते हे मला दिसते आहे. तेव्हा डिस्क राहू द्याव्यात. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, तेवढी जाडी शिल्लक असेल आणि खोल चरे नसतील तर त्या बदलण्याची गरज नाही. टायर मात्र सोडू नयेत. जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरू लागत असेल तर आपले ब्रेक चाक अडवण्याइतके ताकदवान आहेतच, कमी पडतो आहे तो टायर. मोठ्या डिस्कमुळे पायाला कमी जोर लागतो आणि उष्णता साठवायला अधिक लोखंड मिळते, परंतु एकदा थांबण्याचे अंतर त्यामुळे कमी होत नाही.

पॅड घेताना नावाच्या आधी कडेवर छापलेली दोन अक्षरे वाचावीत. पहिले अक्षर कमी तापमानातील घर्षणाचे, दुसरे जास्त तापमानातील. ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45, ‘जी’ म्हणजे 0.45 ते 0.55, आणि ‘ई’ म्हणजे 0.25 ते 0.35. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा कमी घर्षणाचे असेल तर तो पॅड घाटात दगा देणार हे गृहीत धरावे. रेसिंगचे पॅड रोजच्या गाडीला लावू नयेत. सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर पहिल्याच ब्रेकला ते थंड असतात आणि थंड असताना धरत नाहीत. भोके पाडलेल्या डिस्कविषयी माझे मत स्पष्ट आहे: त्या घेऊ नयेत. जुन्या काळी पॅडमधून निघणाऱ्या वायूला वाट देण्यासाठी ती भोके होती, आजच्या पॅडना त्याची गरज नाही, उलट लोखंड कमी होते आणि तडे त्या भोकांपासूनच सुरू होतात.

2020 च्या जानेवारीत, एका मित्राच्या बंद कारखान्याच्या आवारातील सरळ डांबरी पट्ट्यावर, मी आणि मेहुण्याने आपापल्या गाड्या ताशी 80 वरून थांबवून टेपने अंतर मोजले. तीन-तीन वेळा. माझी सरासरी 27 मीटर आली, त्याची 31. लाखाचे कॅलिपर चार मीटर पुढे गेले. त्यावर तो म्हणाला, “दाजी, हा टायरचा फरक आहे.” मी दोन वर्षे दुसरे काय सांगत होतो?

न्यायाने सांगायचे तर लागोपाठ दहा वेळा थांबवून पाहिले असते तर त्याची गाडी जिंकली असती, आणि ती चाचणी मी सुचवली नाही. आपण कोइंबतूरच्या कारी किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी नेणार असाल तर वरचे सर्व गणित बदलते आणि मेहुण्याचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरते. तो संच घेतलाच तर आधी दोन गोष्टी तपासाव्यात: आपल्या रिममध्ये तो कॅलिपर बसतो का, आणि त्याच्या पिस्टनना पुरेल इतके ऑईल मूळ मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑईल ढकलणारा पंप) ढकलतो का, पिस्टन फार मोठे असले तर पेडल लांब आणि मऊ होते. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेतील बदलांना आड येते आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीत आणतो, हेही लक्षात असू द्यावे. रीमॅपचेही तेच आहे, पण ते मी आपल्याला कोणत्या तोंडाने सांगू?

नवे पॅड बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर 60 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये, आणि नंतर ब्रेक न दाबता काही किलोमीटर चालवून निवू द्यावे. मागच्या डिस्कचा प्रश्न राहिला. या गाडीत थांबवण्याचे सुमारे सत्तर टक्के काम पुढची चाके करतात, आणि मागे डिस्क घालायच्या म्हणजे हँडब्रेकच्या केबलपासून सगळे बदलावे लागते. 40 हजारांत तो विचार करू नये.

आजच खाली जाऊन टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. मेहुण्याच्या टायरवर 3114 होते, म्हणजे गाडीबरोबर आलेलेच टायर साडेपाच वर्षांनी त्या लाल कॅलिपरभोवती फिरत होते. त्याचा फोटो मी त्याच दिवशी काढून ठेवला आहे.