दाराजवळची खुर्ची

"वजन उतरलं की पोटाचा त्रास जाईल का हो?" हा प्रश्न माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांकडून मला वरचेवर ऐकू येतो. त्यावरून एक गृहस्थ आठवतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

आल्याआल्या त्यांनी टॉयलेट कुठे आहे ते विचारलं आणि सोफा सोडून दाराजवळच्या खुर्चीत बसले. खिशात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी, निम्मी संपलेली. वय ४२, वजन १०४ किलो. सात वर्षं छातीत जळजळ, पोटात गुबारा, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब. "सगळे म्हणतात तोंडावर ताबा नाही. मॅडम, मी दिवसभर काही खातच नाही!"

खरंच खात नव्हते. कामावर पोट बिघडेल या धास्तीनं उपाशी राहायचे, रात्री साडेदहाला घरी आल्यावर सगळ्या दिवसाचं एकदम जेवायचे आणि अकराला आडवे व्हायचे.

मी दोन दुखणी वेगळी करून सांगितली. पोटावरच्या चरबीचा जठरावर दाब येतो, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप नीट मिटत नाही, आम्ल वर येतं. भरल्या पोटी झोपलं की त्याला वाट आणखी मोकळी. ही जळजळ वजन उतरल्यावर बरीच कमी होऊ शकते. जुलाब-बद्धकोष्ठाला मात्र डॉक्टरांनी तपासण्या करून आयबीएस (आतड्याला इजा नसताना त्याचं काम बिघडण्याचा त्रास) म्हटलं होतं. ते ताणानं भडकतं, वजन उतरलं म्हणून जाईलच असं नाही. ते हिरमुसतील असं वाटलं होतं, पण हसले. "म्हणजे सगळंच माझ्या वजनामुळे नाही तर!"

पुढे चूक माझी झाली. रोज ४५ मिनिटं चाला, असं ठोकून दिलं. तीन आठवडे ते फिरकलेच नाहीत. रस्त्यात मध्येच घाईची लागली तर काय करायचं, हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मग दहा मिनिटं, तीही घराभोवतीच. दुपारचं थोडं जेवण आधी सुट्टीच्या दिवशी, मग कामावर. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी. वहीत खाण्याच्या वेळा लिहिल्या, तेव्हा पोट सोमवारी, मीटिंगच्या सकाळीच बिघडतं हे त्यांचं त्यांनाच दिसलं.

त्यांना दोन महिन्यांत २५ किलो उतरवायचे होते. मी अडवलं. इतक्या झपाट्यानं वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. उलट ५ ते १० टक्के उतरलं तरी रक्तदाब, साखर, यकृतावरची चरबी यांत फरक पडतो. आणि एक बजावलं: शौचातून रक्त, गिळताना घास अडकणं किंवा आपोआप वजन घटणं यातलं काही दिसलं, तर माझ्याकडे नाही, थेट डॉक्टरांकडे जायचं.

आठ महिन्यांनी वजन ९७ आहे. जळजळ क्वचित होते. सोमवार अजून त्रास देतो. परवा आले तेव्हाही दाराजवळच बसले, पण टॉयलेटकडे एकदाही न जाता तासभर बोलले.